नाशिकमध्ये पोलीस शिपाई व्हायचंय? जाहिरात निघण्याआधीपासून नेमणुकीपर्यंत काय काय करायचं

‘नाशिकची पोलीस भरती’ असं आपण एका दमात म्हणतो, पण इथे भरत्या दोन होतात. एक नाशिक शहर पोलीस आयुक्तालयाची आणि दुसरी नाशिक ग्रामीणची, म्हणजे पोलीस अधीक्षकांच्या घटकाची. दोन्हींच्या जागा वेगळ्या, ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी वेगळी, पेपर वेगळा, मेरिटही वेगळं. शिपाई पदासाठी अख्ख्या राज्यात एकाच घटकात अर्ज करता येतो. दोन ठिकाणी भरलात तर अर्ज बाद होतात. म्हणून धावायला सुरुवात करण्याआधी कुठे अर्ज करायचा हे ठरवायला हवं, आणि नेमका हाच निर्णय बहुतेक मुलं शेवटच्या दिवशी सायबर कॅफेत बसून, मित्राने कुठे भरलाय ते बघून घेतात.

घटक कसा निवडायचा

शहर आयुक्तालयात भद्रकाली, सरकारवाडा, पंचवटी, म्हसरूळ, आडगाव, गंगापूर, सातपूर, अंबड, इंदिरानगर, मुंबई नाका, उपनगर, नाशिकरोड, देवळाली कॅम्प अशी पोलीस ठाणी येतात. शहर घटकात लागलेला शिपाई साधारणपणे याच हद्दीत नोकरी करतो. ग्रामीणचं मुख्यालय आडगावला आहे, म्हणजे शहरालगतच. पण नेमणूक मालेगावला होऊ शकते, सुरगाण्याला होऊ शकते किंवा इगतपुरीच्या घाटातही. नंतर घटक बदलून घेणं म्हणजे आंतरजिल्हा बदलीची लांबलचक वाट. घरची शेती निफाडला असेल आणि आई-वडील एकटे असतील, तर हा विचार आज करा.

मागच्या भरतीचा कटऑफ बघून घटक निवडण्याची पद्धत आहे. मला ती अर्धवट वाटते, कारण कटऑफ दरवेळी हलतो. जाहिरातीतला सामाजिक आणि समांतर आरक्षणाचा तक्ता मात्र समोर छापलेला असतो. आडव्या ओळीत प्रवर्ग, उभ्या रकान्यात सर्वसाधारण, महिला, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, माजी सैनिक, होमगार्ड वगैरे. आपला प्रवर्ग आणि आपला रकाना जिथे मिळतात त्या चौकटीत किती जागा आहेत ते बघा. घटकातल्या एकूण जागा कमी असल्या की काही चौकटींत चक्क शून्य असतं. एनटी-डी (भटक्या जमाती-ड) महिला या चौकटीत शून्य असेल, तर त्या मुलीला त्या घटकात महिलांची राखीव जागा नाहीच. तिला एनटी-डीच्या सर्वसाधारण जागांच्या किंवा खुल्या जागेच्या मेरिटवर यावं लागेल. एकूण जागांच्या मोठ्या आकड्याला भुलून ही चौकट न बघणारे खूप असतात.

पदं वेगवेगळी असतील तर प्रत्येक पदासाठी एकेक अर्ज करता येतो: पोलीस शिपाई, चालक शिपाई, बॅण्ड्समन, राज्य राखीव पोलीस बलाचा सशस्त्र शिपाई, कारागृह शिपाई. राखीव बलाचा आपल्या जवळचा गट म्हणजे धुळ्याचा गट क्रमांक ६. तिथली मैदानी चाचणी मात्र निराळी आहे, १०० गुणांची आणि ५ किलोमीटर धावण्याची. शिपाई पदाच्या तयारीवर ती सहज निघेल असं धरू नका.

आधी स्वतःला मोजून घ्या

शिपाई पदाला बारावी उत्तीर्ण लागतं. वय खुल्या प्रवर्गाला १८ ते २८, मागासवर्गीयांना १८ ते ३३. वय कोणत्या तारखेला मोजणार ते जाहिरातीत लिहिलेलं असतं. भरती रखडली की शासन कधीकधी वयात एकवेळची सवलत देतं. २०२५ मध्ये भरतीला मंजुरी देताना, २०२२ आणि २०२३ मध्ये वय उलटलेल्यांना अशी संधी दिली होती. त्यामुळे वयाचा हिशेब मित्राच्या तोंडून ऐकू नका, त्या वर्षीची जाहिरातच उघडा.

उंची पुरुषांना १६५ सेंटिमीटर, महिलांना १५५. चालक पदाला महिलांची उंची १५८ लागते, राखीव बलाला पुरुषांची १६८. पुरुषांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून किमान ५ सेंटिमीटर जास्त. उंची अनवाणी मोजतात. आपली उंची १६५ च्या काठावर असेल तर घरच्या भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून समाधान मानू नका, दवाखान्यातल्या मापपट्टीवर उभे राहा. ग्राउंडवर एका सेंटिमीटरने बाद झालेली मुलं दर भरतीत असतात. मोजमाप चुकलं असं खरंच वाटलं तर तिथल्या तिथे, त्याच दिवशी अपील करायचं असतं. घरी येऊन मग अर्ज करणाऱ्याचं कोणी ऐकत नाही.

याच टप्प्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंगांधळेपणाची तपासणी करून घ्या. गुडघ्याला गुडघा लागतो का, तळपाय सपाट आहेत का हेही दाखवा. वैद्यकीय तपासणी शेवटी होते. तोवर दोन वर्षं घालवून मग कळण्यापेक्षा आज शे-दोनशे रुपये गेलेले बरे.

कागदपत्रं: खरी गळती इथे

नाशकात पहाटे पळणाऱ्यांची कमतरता नाही. गोल्फ क्लबवर म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, कृषीनगरच्या ट्रॅकवर, पंचवटीतल्या क्रीडा संकुलाजवळ उजाडायच्या आत पोरं हजर असतात. त्यातले किती जण आपलं नॉन क्रिमीलेअर (घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) कोणत्या तारखेपर्यंत चालतं हे सांगू शकतील, याची मला शंका आहे. ग्राउंड आणि पेपर दोन्ही निघून पडताळणीच्या टेबलावर अडकणं यासारखं दुखणं नाही, आणि ते पूर्णपणे टाळता येतं.

जाहिरात नसतानाच एक फाइल करा. त्यात दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवास प्रमाणपत्र, आणि प्रवर्गात असाल तर जातीचा दाखला. जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्यांच्या सहीने मिळतो, अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून. कळवण, पेठ, सुरगाण्याकडच्या मुलांनी एक लक्षात ठेवावं: भरतीची जाहिरात निघाली की सेतूवर गर्दी उसळते आणि सर्व्हरही दमतो. पावसाळ्यात निवांत काढलेला दाखला हिवाळ्यातल्या पन्नास हेलपाट्यांपेक्षा स्वस्त पडतो.

नॉन क्रिमीलेअर हा सगळ्यात घोळाचा कागद. अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकीच्या मागास प्रवर्गांना तो लागतो, आणि कोणत्या काळासाठी वैध असला पाहिजे हे जाहिरातीत स्पष्ट दिलेलं असतं. जाहिरातीच्या शेवटच्या तारखेनंतर काढलेला दाखला घेऊन आलात तर प्रवर्गाचा लाभ जाऊ शकतो. ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं प्रमाणपत्रही असंच वर्षागणिक नवं काढायचं असतं. खुल्या गटातल्या महिला राखीव जागांसाठी पूर्वी नॉन क्रिमीलेअर मागत. ती अट २०२३ मध्ये काढली. पण मागास प्रवर्गातल्या महिला जागेवर दावा असेल तर तो कागद लागतोच.

मराठा समाजातल्या मुलांपुढे आता दोन दारं असतात. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) किंवा कुणबी नोंद सापडली असेल तर ओबीसी. कोणतं दार घ्यायचं याची चर्चा घरात महिनोन्महिने चालते. माझं म्हणणं इतकंच की अर्जाच्या दिवशी ज्या प्रवर्गाचा वैध कागद हातात आहे तोच भरा. ‘दाखला येईलच’ या भरवशावर प्रवर्ग भरू नका. आणि राखीव प्रवर्गातून निवड झाली की जात वैधता प्रमाणपत्राचा विषय निघतोच, म्हणून पडताळणी समितीकडचं काम आधीच सुरू करून ठेवा.

खेळाडू कोट्यासाठी घरातलं प्रमाणपत्र पुरत नाही. विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून त्याची पडताळणी झालेली असावी लागते आणि तिला वेळ लागतो. होमगार्डमध्ये तीन वर्षं पूर्ण झालेल्यांना समांतर आरक्षण आहे, त्यांनी समादेशक कार्यालयाकडून सेवेचं प्रमाणपत्र तयार ठेवावं. प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, माजी सैनिक, पोलीस पाल्य, अनाथ यांचे कागद त्या-त्या कार्यालयाचे. अर्जात जो दावा केला नाही तो नंतर करता येत नाही. केलेला दावा कागदाने सिद्ध झाला नाही तर तोही जातो.

नावाचं एक बघा. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाऐवजी आजोबांचं, असे प्रकार आपल्याकडे घरोघरी आहेत. आधार दुरुस्त करणं सोपं असतं, ते दहावीच्या नावाशी जुळवून घ्या. लग्न झालेल्या मुलींनी विवाह नोंदणी किंवा नावबदलाचं राजपत्र जवळ ठेवावं. लग्न झालेल्या सर्वांसाठी लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र आहे, २००५ च्या नियमांनुसार दोन अपत्यांची अट त्यात असते.

अर्ज भरताना

अर्ज फक्त ऑनलाइन. लिंक महाराष्ट्र पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या, व्हॉट्सअपवर फिरणारी उघडू नका. मोबाइल नंबर आणि ईमेल आपलाच द्या. कॅफेवाल्याचा ईमेल दिलेल्यांना पुढे पासवर्ड सापडत नाही आणि प्रवेशपत्राच्या वेळी धावपळ होते. २०२४ च्या भरतीत शुल्क खुल्या प्रवर्गाला ४५० आणि मागास प्रवर्गांना ३५० रुपये होतं. शुल्क भरलं जाईपर्यंत अर्ज पूर्ण होत नाही. पैसे खात्यातून कटले आणि पावती आली नाही, असं शेवटच्या रात्री हमखास घडतं, म्हणून मुदतीच्या आठवडाभर आधी काम उरका.

मुंबई उच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२२ च्या आदेशानंतर पोलीस भरतीत तृतीयपंथी उमेदवारांनाही अर्ज करता येतो.

‘सबमिट’ दाबण्याआधी घटक, पद, प्रवर्ग, समांतर आरक्षण आणि जन्मतारीख या पाच गोष्टी घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा. मग छापील प्रत त्याच फाइलमध्ये.

ग्राउंड

शिपाई पदाचं ग्राउंड ५० गुणांचं. पुरुषांना १६०० मीटर २० गुणांना, १०० मीटर १५ ला आणि ७.२६० किलोचा गोळा १५ ला. महिलांना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा, गुण तेवढेच. ग्राउंडला किमान ५० टक्के म्हणजे २५ गुण हवेत, पण २५ वर समाधान मानणाऱ्याचं पेपरला नाव येणं कठीण. कारण पेपरला प्रवर्गनिहाय एका जागेमागे दहा जणांनाच बोलावतात. २०२४ मध्ये राज्यात १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले होते, त्यावरून काय ते समजा.

आता गुणांचं गणित. पुरुषांना १६०० मध्ये पैकीच्या पैकी हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, प्रत्येक साधारण ७७ सेकंदांची. महिलांना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत, म्हणजे फेरी ८५ सेकंदांची. १०० मीटरला पूर्ण गुण पुरुषांना ११.५० सेकंदांत आणि महिलांना १४ सेकंदांत. गोळ्याला पुरुषांना ८.५० मीटर, महिलांना ६ मीटर.

हे आकडे शेजारी ठेवले की कशावर मेहनत करायची ते दिसतं. शंभर मीटर ११.५० मध्ये येणारा मुलगा जन्मजात वेगवान असतो, तिथे सरावाने थोडाच फरक पडतो. १६०० वर मात्र सहा महिन्यांत मोठा फरक पडतो, आणि गोळ्यावर त्याहून लवकर. तरी नाशकातल्या मैदानांवर शंभर जण पळताना दिसतात आणि गोळा हातात घेतलेला एखादाच. गोळा नुसत्या दंडाच्या ताकदीवर जात नाही. पाय, कंबर, खांदा आणि शेवटी मनगट, अशी ताकद वर चढत जाते. मानेला टेकलेला गोळा आधीच सुटला की दीड-दोन फुटांचं नुकसान. शाळेच्या जुन्या क्रीडाशिक्षकांना गाठा. त्यांच्याकडचे दोन आठवडे अकॅडमीच्या दोन महिन्यांना भारी पडू शकतात. आणि सराव खऱ्या वजनाच्या गोळ्यानेच करा.

१६०० साठी रोज १६०० पळू नका. आठवड्यातून एकदा सावकाश लांब पल्ला, दोनदा ४०० मीटरच्या तुकड्या घड्याळ लावून, मध्ये विश्रांती, एकदा चढ. चढासाठी पांडवलेणीच्या पायऱ्या आहेतच. एक दिवस पूर्ण आराम. नडगी दुखायला लागली की दुखणं अंगावर काढून पळत राहणारे पोरगे नेमके भरतीच्या महिन्यात बसतात. गोल्फ क्लबवर सहानंतर फिरायला येणाऱ्यांची गर्दी होते, त्यामुळे वेळ लावून पळायचं असेल तर त्याआधी जा. बूट नवे असतील तर सरावात महिनाभर वापरलेले हवेत.

भरती कोणत्या ऋतूत येईल याचा भरवसा नसतो. २०२४ ची मैदानी चाचणी जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर सुरू झाली आणि काही ठिकाणी तारखा पुढे ढकलाव्या लागल्या. चिखलाच्या ट्रॅकवरही एकदा-दोनदा पळून बघितलेलं असावं. आदल्या रात्री गावाहून एसटीने येऊन बसस्टँडवर झोपणारे उमेदवार मी बघतो, तेव्हा वाटतं यांनी एका नातेवाइकाला फोन करायला काय हरकत होती. मुंबई नाका, सिडको, सातपूर, कुठेतरी कोणीतरी ओळखीचं निघतंच. झोप झाली नाही तर १६०० ची तिसरी फेरी लगेच ते सांगते.

ताकद येण्यासाठी इंजेक्शन, गोळ्या विकणारे मैदानाच्या आसपास फिरतात. घेऊ नका. पकडले गेलात तर उमेदवारी जाते, नाही पकडले तर काळजावर ताण येतो.

धावण्याची वेळ नोंदवायला अनेक घटकांत चिप लावतात आणि चित्रीकरणही होतं. आपला चेस्ट नंबर आणि गुण तिथेच बघून घ्या, सही करण्याआधी.

पेपर

पेपर १०० गुणांचा, ९० मिनिटांचा, वस्तुनिष्ठ, मराठीतून. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, आणि सामान्य ज्ञान व चालू घडामोडी. किमान ४० टक्के लागतात. चालकांना वाहतुकीचे नियम आणि वाहनाचं ज्ञानही. अंतिम यादी ग्राउंड अधिक पेपर अशी १५० गुणांवर लागते. म्हणजे दोन तृतीयांश वजन पेपरला आहे. ग्राउंडला ४८ पडलेला मुलगा पेपरला ६० वर अडकला आणि ग्राउंडला ४० वाला ८० घेऊन पुढे गेला, असा हिशेब दर यादीत सापडतो.

पेपर घटकनिहाय निघत आले आहेत. म्हणून नाशिक शहर आणि नाशिक ग्रामीण या दोन्हींच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवून घड्याळ लावून सोडवा, मग आजूबाजूच्या जिल्ह्यांच्या. एका प्रश्नाला ५४ सेकंद पडतात. गणितात शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग, सरासरी यांत हात बसला की मोठा भाग निघतो. व्याकरणात प्रयोग, समास, विभक्ती, अलंकार आणि म्हणी-वाक्प्रचार. व्याकरण ‘आपलीच भाषा’ म्हणून सोडणारे तिथेच पाच-सहा गुण घालवतात.

आपल्या जिल्ह्यावरचे प्रश्न फुकटचे गुण आहेत. गोदावरीचा उगम ब्रह्मगिरीवर. तालुके १५. साल्हेर किल्ला १५६७ मीटर, बागलाण तालुक्यात. अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली ती २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात. काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३०. डॉ. आंबेडकरांची येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५. ओझरला एचएएल, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. जोडीला १ जुलै २०२४ पासून लागू झालेले तीन नवे फौजदारी कायदे: भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, भारतीय साक्ष्य अधिनियम. सिंहस्थ कुंभमेळा दारात आहे, त्यावरही वाचून ठेवा.

‘इतके लाख द्या, यादीत नाव येईल’ असं सांगणारा भेटला तर त्याच्याकडे ना यादी असते ना ओळख. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे.

यादीत नाव आल्यावर

तात्पुरती निवड यादी, मूळ कागदांची तपासणी, वैद्यकीय आणि चारित्र्य पडताळणी हे सगळं पार पडल्यावरच नेमणूक. साक्षांकन नमुन्यात, म्हणजे चारित्र्य पडताळणीसाठी भरून द्यायच्या फॉर्ममध्ये, गुन्ह्यांची माहिती विचारतात. विसर्जन मिरवणुकीतली मारामारी, गल्लीतलं भांडण, कॉलेजचं आंदोलन, कशातही नाव आलं असेल तर लिहा, निर्दोष सुटला असाल तरी लिहा, आणि निकालाची प्रत जोडा. किरकोळ गुन्हा खरा सांगितला तर विचार होऊ शकतो. लपवलेला सापडला तर त्या लपवण्यावरच नेमणूक रद्द करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात याची चौकट घालून दिली आहे.

नेमणुकीनंतर राज्यातल्या एखाद्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात पाठवतात. जालना, अकोला, खंडाळा, धुळे अशी बरीच केंद्रं आहेत. त्र्यंबक रोडवरची महाराष्ट्र पोलीस अकादमी घराजवळ आहे म्हणून तिथेच ट्रेनिंग होईल अशी आशा काही जण धरतात. पण ती उपनिरीक्षक आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांची. वेतनश्रेणी सातव्या आयोगाप्रमाणे २१,७०० ते ६९,१००, वर भत्ते. सध्या सातपूर-अंबडच्या कंपनीत कामाला असाल तर नेमणुकीचा आदेश हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नका. यादी लागणं आणि प्रत्यक्ष हजर होण्याचं पत्र येणं यात कधीकधी बरेच महिने जातात.